वाघ न दिसलेल्या दिवसाचं चित्र

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आयटीवाल्यांच्या ऑफिसात वेगळंच वारं सुटतं. क्लायंट नाताळच्या सुट्टीवर, प्रॉडक्शनवर कोड फ्रीज, आणि इनबॉक्समध्ये एचआरची ती प्रेमळ मेल: उरलेल्या रजा ३१ तारखेच्या आत संपवा, नाहीतर लॅप्स होतील. मग सुरू होते पळापळ. गोवा परवडत नाही, महाबळेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग, म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्या पिढीनं एक नवा पत्ता शोधलाय. चंद्रपूर! म्हणजे चंद्रपूर शहर नव्हे हो, ताडोबा. रात्रभर प्रवास, भल्या पहाटे उघड्या जिप्सीत कुडकुडत बसायचं, दोन-तीन सफाऱ्या मारायच्या आणि परत.

जानेवारीत ऑफिसात सगळे भेटतात तेव्हा प्रश्न एकच असतो. "दिसला का?" कोण, ते सांगायची गरजच नाही. दिसला असेल तर तुम्ही दिवसभर हिरो. नसेल दिसला तर समोरचा असा काही चेहरा करतो की जणू तुमच्या घरी कोणी आजारी आहे. "अरेरे... एवढे पैसे घालवून?"

तर मंडळी, आजचा मुद्दा या प्रश्नाबद्दलच आहे. माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. हिवाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणाऱ्या प्रत्येकानं खिशात मावेल अशी एक वही आणि एक पेन न्यावं, आणि तिथे असेपर्यंत रोज एक चित्र काढावं. वाघ दिसला तरी, नाही दिसला तरी. चित्र चांगलं यायला हवं अशी अट नाही. रोज काढायचं, एवढी एकच अट आहे. वाचायला हा गंमतीचा सल्ला वाटेल, पण त्याच्यामागे एक बऱ्यापैकी गंभीर कारण आहे. ते आधी सांगतो.

३१ डिसेंबर २०२४. ताडोबाच्या उत्तरेला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. गोठणगाव गेटच्या बाजूला 'एफ-टू' या नावानं ओळखली जाणारी वाघीण आपल्या पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली, आणि पर्यटकांच्या जिप्सींनी तिची वाट अडवली. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये ती आणि पिल्लं. त्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून या प्रकाराची दखल घेतली. त्याच्या आधी, मे २०२४ मध्ये, खुद्द ताडोबातही एका वाघिणीची वाट जिप्सींनी अशीच अडवली होती.

दोन्ही वेळा कारवाई झाली ती मुख्यतः गाड्यांच्या चालकांवर आणि गाइडांवर. चूक त्यांची होती यात वाद नाही. पण गाडी पुढे घ्यायला त्यांना कोण लावतं? मागच्या सीटवर बसलेले आपण! "भैया, थोडं आगे लेना." सफारीवर काही हजार रुपये उडवलेले असतात, उद्या परतीची गाडी असते, आणि हातात एकही फोटो नसतो. वाघ दिसला तर टीप चांगली मिळते, नाही दिसला तर पर्यटक गेटवरच तोंड फिरवून निघून जातो, हे त्या आसपासच्या गावातल्या पोराला पक्कं ठाऊक असतं. ताडोबाच्या सफारीत मोबाईलला मनाई आहे, ते चांगलंच आहे. पण मनाईनं यंत्र खिशातून जातं, हाव जात नाही. मोबाईल नाही तर लांब भिंगाचा कॅमेरा भाड्यानं मिळतो.

हाव कमी करायची तर तिच्या जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. इथे मला मारिओ मिरांडा आठवतात.

मारिओ म्हटलं की आपल्याला कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंती आठवतात, मिस निंबूपानी आठवते, माणसांनी खच्चून भरलेली ती चित्रं आठवतात. जन्म १९२६ चा, दमणचा. घर गोव्यातलं, सालसेत तालुक्यातल्या लोटलीचं. लहानपणी हा मुलगा घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा, म्हणून आईनं त्याला एक कोरी वही आणून दिली. भिंती वाचल्या आणि त्या वहीची डायरी झाली. पुढे वर्षानुवर्षं त्यांनी ही चित्रांची डायरी चालवली. १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या डायऱ्या तर नंतर पुस्तकरूपानं छापल्या गेल्या. तेव्हा ते तेवीस ते पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा लहान! चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही. बी. ए. केलं ते मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून, तेही इतिहासात.

या डायऱ्यांमध्ये आहे काय? खरं सांगायचं तर काहीच नाही. तारीख, दोन-चार ओळी आणि चित्र. आज कोण घरी आलं, चर्चमध्ये कोण डुलक्या काढत होतं, लग्नातला बँड कसा होता, नाचाला कोणी कुणाला विचारलं, घरातलं कुत्रं कुठे झोपलं होतं. पोर्तुगिजांच्या अमलातला गोवा, त्यातलं एक खेडं, त्यात रिकामपणी फिरणारा एक तरुण. 'साइटिंग' म्हणावं असं काहीही घडत नाही. तरीही पान भरलेलं आहे. आणि आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी तेव्हाचा गोवा कसा होता हे बघायचं तर माणूस ती पानं उघडतो. पुढे पद्मश्री, पद्मभूषण मिळालं, ११ डिसेंबर २०११ ला मारिओ लोटलीलाच गेले, त्यानंतर पद्मविभूषण. पण त्या सगळ्याच्या मुळाशी ही रोजची वही आहे असं मला वाटतं. आज काही घडलं नाही म्हणून चित्र नाही, असली सबब त्या वहीत चालत नाही. सुट्टीत जंगलात जाताना आपल्याला नेमकी ही सवय हवी आहे.

आता तुम्ही म्हणाल, फोटोत काय वाईट आहे? काहीच नाही. मोजायला कॅमेराच बरा. किंबहुना याची एक मजेदार गोष्ट आहे. आपल्याकडे कित्येक वर्षं वाघ मोजले जायचे ते चित्रं काढूनच. वनरक्षक वाघाच्या पंजाच्या ठशावर काच धरायचा, काचेवर ठशाची रेघ गिरवायचा आणि तिथून ती कागदावर उतरवायचा. पण माणसागणिक रेघ बदलते. राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही हे २००५ मध्ये उघड झालं, तेव्हा या पद्धतीचं पितळही उघडं पडलं. २००६ च्या गणनेपासून कॅमेरा ट्रॅप आले आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखायला लागले. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला तो याच पद्धतीनं. तेव्हा कॅमेऱ्याशी भांडण नाही. पण तुम्ही-आम्ही काही गणनेला गेलेलो नसतो. आपण बघायला गेलेलो असतो. आणि बघण्याच्या बाबतीत कॅमेऱ्याचा हिशोब जरा वेगळा लागतो.

अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक प्रयोग केला होता, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना म्युझियममध्ये फिरवलं. काही वस्तूंचे फोटो काढायला सांगितले, काही नुसत्या बघायला. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले त्याच वस्तू कमी आठवल्या. गंमत म्हणजे ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करायला लावलं होतं, ती मात्र ठीक लक्षात राहिली होती. म्हणजे दोष यंत्राचा कमी आणि "बटण दाबलं, काम झालं" या वृत्तीचा जास्त. याच्या उलट बाजूचा प्रयोग कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला. शब्द लिहून काढण्यापेक्षा त्या शब्दाचं चित्र काढलं तर तो शब्द चांगला लक्षात राहतो. चित्र काढायला चारच सेकंद दिले तरी! आणि चित्र चांगलं की वाईट, यानं फारसा फरक पडला नाही. शाळेत चित्रकलेत काठावर पास झालेल्यांसाठी यापेक्षा आनंदाची बातमी ती काय असणार?

हे सगळं जंगलात कसं दिसतं बघा. डिसेंबरात ताडोबाच्या रस्त्यावर मोर हमखास भेटतो. फोटो काढणारा एक क्लिक करतो आणि पुढे जातो, मोर काय, मोर तर सगळीकडे असतो. चित्र काढायला बसलात की पेन शेपटीशी अडखळतं. अरे, पिसारा कुठाय? कारण मोराचा पिसारा पावसाळा संपता संपता गळतो आणि हिवाळ्यात परत वाढत असतो. समोरचा मोर अर्धवट पिसाऱ्याचा आहे, आणि आपण डोक्यातला, कॅलेंडरवरचा मोर काढायला निघालो होतो. चितळाचंही तसंच. आपण अंगभर कुठेही टिंब टिंब देतो. नीट बघितलं तर पाठीच्या कण्यालगतचे ठिपके जवळजवळ रांगेत असतात. ऐनाच्या झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची असते. कांडोळाचं झाड थंडीत पानं टाकून पांढरंफटक उभं राहतं. गाइड लोक त्याला 'घोस्ट ट्री' म्हणतात, आणि पहाटेच्या धुक्यात एकदा त्याची बाह्यरेषा काढलीत की हे नाव का पडलं ते वेगळं समजवावं लागत नाही.

"पण हलत्या जिप्सीत चित्र कसं काढणार?" अगदी बरोबर. नाहीच काढता येत. पण सफारीतला बराच वेळ गाडी हलत नसते. पाणवठ्याशी इंजिन बंद करून, माकडाचा किंवा सांबराचा अलार्म कॉल येतोय का म्हणून कान लावून सगळे बसलेले असतात. ती वीस मिनिटं आपण काय करतो? घड्याळ बघतो, बिस्किटाचा पुडा उघडतो आणि गाइडला चौथ्यांदा विचारतो, "आज चान्स आहे ना?" हीच चित्राची वीस मिनिटं. थंडीनं बोटं आखडलेली असतात, रेघ थरथरते. थरथरू दे. खोडरबर घरी ठेवून यायचं. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी मारायची. कोपऱ्यात तारीख, वेळ, जागेचं नाव आणि तेव्हा ऐकू येत असलेला एखादा आवाज लिहून टाकायचा. झालं एक पान. आपण रोज कोड कमिट करतोच ना, त्यातली प्रत्येक ओळ काही अजरामर नसते.

"मला येतच नाही" ही दुसरी सबब. पुण्याचे जलरंगवाले मिलिंद मुळीक सगळ्यांना माहीत असतात. त्यांचं शिक्षण इंजिनीअरिंगचं. वडील प्रताप मुळीक मोठे चित्रकार, तेव्हा घरातच बाळकडू होतं हे मान्य. पण इंजिनीअरच्या हाताला चित्र वर्ज्य आहे असं काही नाही, एवढा मुद्दा तरी सिद्ध होतो. शिवाय पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या शीटा आपण रात्र रात्र जागून पूर्ण केल्यात की! (मित्राच्या शीटवरून काचेखाली दिवा लावून 'जीटी' मारणाऱ्यांनी हे वाक्य सोडून द्यावं.)

आता दुसरा भाग. ताडोबा म्हणजे ही दोन जिल्ह्यांची सगळी दुनिया नव्हे. वाघाच्या मागे लागलेला माणूस गेट ते रिसॉर्ट आणि रिसॉर्ट ते गेट एवढंच फिरतो. रोजच्या चित्राची सवय लागली की पाय आपोआप लांब जातात, कारण रोज नवीन काहीतरी लागतं. चंद्रपूर शहरातच गोंड राजांच्या काळचा परकोट आणि त्याच्या वेशी आहेत. तिथून पुढे गडचिरोलीच्या वाटेवर डिसेंबरात धान कापून झालेलं असतं, शेतात धानाचे पुंजणे उभे असतात. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळं आहेत. तिथलं एक शिल्प वहीत उतरवायला बसा, अर्धा दिवस कुठे जाईल कळणार नाही. आणखी दक्षिणेला भामरागडजवळ हेमलकसा, जिथे बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ ला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी आयुष्य घातलं. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी अशा तीन नद्या भेटतात. तीन पाण्यांच्या तीन रेघा, एवढंच चित्र काढलं तरी पान भरतं.

आणि या दिवसांत रात्री झाडीपट्टीची नाटकं असतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतो आणि रात्री मंडपात नाटक. गडचिरोलीतलं वडसा म्हणजे देसाईगंज हे या रंगभूमीचं मोठं केंद्र. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. पहाटेपर्यंत चालणारं नाटक, शाली आणि मफलर गुंडाळून जमिनीवर बसलेली माणसं, आईच्या मांडीवर झोपलेली पोरं, बाहेर चहा-भज्यांच्या गाड्या. मारिओंच्या चित्रातली गर्दी प्रत्यक्ष बघायची तर इथे यावं.

इथे एक पथ्य मात्र पाळायला हवं. फोटोची हाव सोडून चित्राची हाव धरली तर उपयोग शून्य. माडिया बाया-माणसांच्या दारात जाऊन, न विचारता, वही उघडून बसणं हेही वाट अडवणंच आहे. आधी विचारायचं, बसायचं, चार गोष्टी बोलायच्या, मग पेन काढायचं आणि झाल्यावर पान त्यांना दाखवायचं. फोटो काढणारा दहा सेकंदांत निघून जातो. चित्र काढणाऱ्याला पंधरा मिनिटं बसावं लागतं, आणि पंधरा मिनिटं बसलेल्या पाहुण्याशी विदर्भातला माणूस बोलल्याशिवाय राहत नाही. "कुठले जी तुम्ही?" इथून सुरू होतं.

आणि मग ते कानावर पडतं, जे जिप्सीत बसून कधी कळत नाही. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपण पैसे मोजून ज्याला बघायला जातो, त्याच्याच जंगलात या बाया पोटासाठी पहाटे जातात आणि तो दिसू नये म्हणून देवाला हात जोडतात. आपला "दिसला का?" आणि त्यांचा "दिसला का?", शब्द तेच, पण अर्थात जमीन-अस्मानाचा फरक. आपण गेटवर तोंड पाडून उभे असतो तेव्हा शेजारच्या गावात कोणीतरी आज वाघ दिसला नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडत असतं. ही गोष्ट एकदा डोक्यात शिरली की "आगे लेना भैया" म्हणायला जीभ रेटत नाही.

वहीमुळे वाघिणीची वाट मोकळी होईल, असला भाबडा दावा मी करत नाहीये. गाड्यांची संख्या, अंतराचे नियम, दंड, हे सगळं वनखात्यानं आणि कोर्टानं बघायचंच आहे. पण जिप्सीतल्या सहा पर्यटकांपैकी दोघं जरी कांडोळाच्या फांद्या काढण्यात गुंतलेले असतील, तर गाइडवरचं ओझं तेवढं हलकं होतं. वाघ नाही दिसला तरी ही माणसं गेटवर हसत उतरतील आणि टीपही देतील, हा भरवसा त्याला मिळायला हवा. चार हिवाळे असे गेले तर तोही "चला, तिकडे कॉल आलाय" म्हणून गाडी पिटाळण्याऐवजी, "साहेब, त्या झाडावर मोरघार बसून आहे, काढता का?" असं विचारेल.

असो. यंदा ज्यांचं बुकिंग झालंय त्यांच्यासाठी सामानाची यादी सोपी आहे. स्वेटर, कानटोपी, पन्नास-साठ रुपयांची कोऱ्या पानांची वही आणि पाण्यानं न पसरणारं एक काळं पेन. पहिलं चित्र प्रवासातच काढून टाका, समोरच्या बर्थवर घोरणाऱ्या काकांचं. हात मोकळा होतो. आणि जानेवारीत ऑफिसात कोणी विचारलं "दिसला का?", तर वही पुढे करा.